ओटीपी न देणारी बाई

ती दुपार अजून माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. खून, दरोडे, दंगली माझ्या नोकरीत येऊन गेल्या आणि आता त्यातल्या बऱ्याचशा एकमेकांत मिसळल्या आहेत. पण ज्या प्रकरणात शेवटी गुन्हाच दाखल झाला नाही, ते मात्र लख्ख आठवते.

मी तेव्हा दर्यापूर भागातल्या एका ठाण्याचा ठाणेदार होतो. निवृत्ती जवळ आली होती. दुपारची हजेरी होऊन बंदोबस्ताची माणसे निघाली होती आणि मी टेबलावरचे अर्ज उपसत होतो. तेवढ्यात अमरावतीहून एका कंपनीच्या मॅनेजरचा फोन आला. घरी वापरायची ऑक्सिजनची मशीन विकणारी ही कंपनी. त्यांचा मेकॅनिक तक्रार पाहायला गावाबाहेरच्या भाजीवाल्यांच्या गल्लीत गेला होता आणि तिथल्या लोकांनी त्याला डांबून ठेवले होते.

"मोटरसायकलची किल्ली हिसकावून घेतली आहे सर. जमाव जमला आहे. आमचा माणूस घाबरलेला आहे."

जमाव म्हटले की पोलिसाचे अर्धे काम रस्त्यातच सुरू होते. मी डायरीत नोंद करायला सांगितली, आमच्या जुन्या जमादारांना आणि एका महिला शिपायाला गाडीत घेतले. जमादार म्हणाले, "साहेब, त्या गल्लीतून आजवर एक भांडण ठाण्यात आलं नाही. आपसात मिटवतात."

"म्हणून तर जास्त जपून जायचं," मी म्हणालो. माझ्या मते मी अनुभवाचे बोललो होतो.

गल्लीत शिरलो तर जमाव नव्हता. बाया मेथीच्या जुड्या बांधत होत्या. एका घरासमोर कंपनीचे नाव लिहिलेल्या बॅगेसह मोटरसायकल उभी होती, तिच्या पलीकडे एक रिकामा ऑटो. ओट्यावर झेंडूची टोपली मांडीवर घेऊन एक माणूस बसला होता. आम्हाला पाहून तो उठला नाही. मान फक्त घराच्या दाराकडे तिरपी धरून होता.

आत खाटेवर एक पासष्टीचा गृहस्थ उशांना टेकून बसलेला. नाकात नळी. शेजारी गुरगुरणारी मशीन. कोपऱ्यात एक लहान सिलिंडर. खाली सतरंजीवर तिशीचा मेकॅनिक, पुढ्यात जेवून झालेले ताट. आणि दाराशी ती बाई, त्या गृहस्थाची बायको. डोक्यावर पदर, नजर सरळ.

"सर, मला सोडवा," मेकॅनिक उभा राहत म्हणाला. "अकोल्याहून आलो आहे. अजून कॉल बाकी आहेत. ह्या किल्ली देत नाहीत, तक्रार बंद करायला लागणारा ओटीपीही देत नाहीत."

मी आवाज चढवला. "किल्ली कोणी घेतली?"

आयुष्यभर मी लोकांकडून कबुली काढत आलो. दोन दिवस, चार दिवस, गोडीने, दरडावून. इथे प्रश्न संपायच्या आत उत्तर आले.

"म्याच घेतली, ठाणेदार साहेब. लपवाचं काय त्यात? पन थ्याले उपाशी नाई ठेवलं. इचारा. वांग्याची भाजी दोनदा घेतली त्यानं."

मेकॅनिकने मान खाली घातली. जमादार उगीच खाकरले.

"कशासाठी घेतली?"

"थो आला का मशीन नीट चालते. थो गेला का बंद पडते. दर खेपेला आसंच. मंग थो म्हनते, 'काकू, मशीनमंदी फॉल्ट नाई, ओटीपी सांगा.' म्या सांगतो. ओटीपी देला का तक्रार मेली! पुन्हा फोन करा, पुन्हा ते गानं आयका. आता म्हटलं, मशीन त्याच्या डोयापुढं बंद पडू दे. तवर बस बापा."

आमच्या घरात कॉलेज पाहिलेला मी पहिला. अमरावतीत राहून बी. ए. केले आणि खात्यात परीक्षा देऊन वर आलो. याचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही. फोनवर बोलून काम करून घेणे तर माझ्या हातचा मळ. मी तिथेच कंपनीचा ग्राहक सेवेचा नंबर लावला. मराठीसाठी दोन दाबले. गाणे ऐकले. पुन्हा दोन दाबले. शेवटी एक मुलगी बोलली.

"मी पोलीस निरीक्षक बोलतोय."

"नमस्कार सर, आपला तक्रार क्रमांक सांगा."

बाईने क्रमांक तोंडपाठ सांगितला. पलीकडे टकटक वाजले. "सर, या ग्राहकाच्या आधीच्या सर्व तक्रारी बंद झालेल्या आहेत. ग्राहक समाधानी आहेत."

"मी ग्राहकाच्या घरात उभा आहे."

"हो सर. सिस्टिममध्ये समाधानी आहेत."

खाटेवरचे गृहस्थ हसले. हसताना त्यांना दम लागला आणि बाईचा हात आपोआप त्यांच्या पाठीवर गेला.

मी फोन खिशात टाकला आणि किल्ली मागितली. तिने कनवटीची किल्ली काढून माझ्या तळहातावर ठेवली. वाद नाही, रड नाही. "घ्या. आता तुमीच सांगा त्याले, जा म्हनून."

कायद्याने माझे काम तिथे संपत होते. माणूस मोकळा, किल्ली परत, मॅनेजरने लेखी तक्रार दिली तर गुन्हा. पण जा म्हणायला माझे तोंड उघडेना. तो गेल्यावर मशीन बंद पडली तर खाटेवरचा माणूस किती वेळ काढेल, हे मला माहीत नव्हते, आणि त्या घरात ते विचारायची हिंमतही झाली नाही.

मी किल्ली मेकॅनिकला दिली आणि त्याच्यासमोर सतरंजीवर बसलो. तोही बसला. चौकशीची माझी एक पद्धत होती. आरोपीला 'का केलं' असे कधी विचारायचे नाही. 'आधी काय केलं, मग काय केलं' एवढेच विचारत राहायचे. 'का' हे माणूस बनवून सांगतो, क्रम त्याला बनवता येत नाही.

"तू आल्याबरोबर पहिलं काय करतोस?"

"मशीन बंद करतो सर. पेशंटला सिलिंडरवर घेतो."

"मग?"

"मग उघडतो. फिल्टर साफ करतो, जोडण्या बघतो. परत लावतो. मीटर लावून ऑक्सिजन मोजतो. बरोबर येतो."

"मग?"

"थोडा वेळ पाहतो आणि निघतो. पुढचा कॉल असतो ना सर. वेळ लागला तर वरून फोन येतो."

"आज पण बंद केलीस?"

"सकाळी आल्याबरोबर केली होती…" आणि तो बोलता बोलता थांबला. मशीनकडे पाहिले. मग बाईकडे. "काकू, ही बंद पडते तेव्हा आधी किती वेळ चाललेली असते?"

"लय येळ. सकाऊनपासून चालली का दुपार कलल्यावर."

तो स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला, "म्हणजे गरम झाल्यावर. आणि मी येऊन आधी थंडच करतो तिला." तो उठून मशीनला हात लावून आला. "सर, आता हिला कोणी हात लावायचा नाही. चालू द्यायची. मी थांबतो."

किल्ली त्याच्याच हातात होती. त्याने ती बॅगेत टाकली आणि मांडी घातली. मॅनेजरचा फोन वाजला, त्याने कापला.

आम्ही सगळेच थांबलो. चहा आला. मी पाय मोकळे करायला ओट्यावर आलो तर झेंडूची टोपली घेतलेला माणूस तिथेच. विचारले, "तुम्ही घरचे का?"

"नाई जी. माझी पाळी हाय."

"कसली पाळी?"

तो सांगू लागला. गल्लीची विहीर सामाईक. कोणत्या दिवशी कोणाच्या वाफ्याला पाणी, हे त्यांच्या आज्याच्या काळापासून पाळीने ठरलेले. कोणी आजारी असला तर त्याच्या वाफ्याला शेजारी पाणी देतो, पाळी चुकत नाही. मशीन बंद पडायला लागली तशी तीच पाळी या दारावर आली. ज्या घराची त्या दिवशी पाण्याची पाळी, त्याने शेजाऱ्याच्या वाफ्याचेही काम ओढायचे आणि त्या शेजाऱ्याने इथे बसायचे. जुड्या बांधा, फुले निवडा, पण कान आत. काकू एकटी, लेक दिलेली पातुरात. खाटेवरच्या भाऊला, म्हणजे तिच्या नवऱ्याला, बसते करायला आणि सिलिंडर लावायला एकटीचे हात पुरत नाहीत.

"किती दिवसांपासून?"

"मशीन पयल्यांदा बंद पडली तवापासून," तो म्हणाला आणि टोपली माझ्या हातात दिली. "साहेब, जरा बसता का? बैल सोडून येतो. कान आत ठेवा फक्त."

असा मी वर्दीत, मांडीवर झेंडू घेऊन ओट्यावर बसलो. आत मशीन गुरगुरत होती. ती गुरगुर माझ्या कानात अशी बसली की रस्त्यावरचे दुसरे काही ऐकू येईना. ठाण्यात मी वायरलेस ऐकत झोपणारा माणूस. तिथे मात्र मला श्वास घ्यायचीही भीती वाटत होती, आवाज चुकेल म्हणून.

तो बैल सोडून परत येत होता तेव्हाच आवाज तुटला. मग शिट्टीसारखा अलार्म.

"काकू!" मी ओरडलो. तेवढेच मला जमले.

पुढे जे पाहिले ते नीट सांगता येणार नाही, तरी सांगतो. बाई खाटेवर चढून नवऱ्याच्या पाठीशी बसली आणि त्याला आपल्या छातीशी टेकवून सरळ केला. झेंडूवाला माझ्या अंगावरून आत गेला, सिलिंडर उघडला, नळी बदलली. समोरच्या म्हाताऱ्या आजीने स्वतःची खाट ओढून रस्त्यातून बाजूला घेतली. जुड्या बांधणाऱ्या बायांनी टोपल्या उचलून भिंतीला लावल्या. ऑटोवाला कुठून आला कळले नाही, ऑटो उलटा घेऊन दाराला लावून इंजिन चालू ठेवून बसला. एक पोरगी डॉक्टरांच्या नंबरावर बोट ठेवून उभी, लावला नाही, नुसती तयार. कोणी धावले नाही. कोणी कोणाला काही सांगितले नाही. बाई नवऱ्याच्या कानात एवढेच म्हणत होती, "घ्या… सोडा… घ्या… सोडा…"

मी आयुष्यभर कवायती घेतल्या. मोठ्या सभांचे बंदोबस्त लावले, नकाशे काढून, शिट्ट्या वाटून. त्यातही कोणीतरी चुकीच्या नाक्यावर उभा असायचा. इथे नकाशा नव्हता, वरचा अधिकारी नव्हता. जमादारांनी टोपी काढून हातात घेतली होती, का ते त्यांनाही सांगता आले नसते.

गृहस्थांचा श्वास बसला. आजीने खाट परत जागेवर आणली.

मेकॅनिक मशीनजवळ गुडघ्यावर होता. त्याने आता ती उघडली होती आणि बॅटरीचा उजेड आत टाकून मोबाइलवर चित्रण करत होता. आतला थंड करणारा पंखा गरम झाला की अडकत होता. अलार्मचा आवाज, सिलिंडरवरचा माणूस, अडकलेला पंखा, सगळे त्याने मॅनेजरला पाठवले आणि मग स्वतः फोन लावला. स्पीकरवर मॅनेजर विचारत होता, "पोलीस पोचले का? तू सुरक्षित आहेस ना?"

"सर, मला काही झालेलं नाही. कोणाविरुद्ध माझी तक्रार नाही. आज रात्रीच्या आत बदली मशीन पाठवा. नवीन येईपर्यंत मी इथून हलत नाही."

"तू ओटीपी घेतलास का?"

"नाही सर. आणि घेणारही नाही."

मी फोन हातात घेऊन माझे पद सांगितले. या वेळी तक्रार क्रमांक कोणी विचारला नाही. अंधार पडायच्या आत मशीन आली.

गुन्हा दाखल झाला नाही. मेकॅनिकचा तसा जबाब घेतला आणि प्रकरण मिटवले. जाताना मी बाईला विचारले, "ही पाळी लावली कोणी? मला त्या माणसाला भेटायचं आहे."

ती गोंधळली. "कोनं लावली म्हंजे? कोनीच नाई. दार उघडं होतं, आले आन् बसले."

पोलिसाला वाटत राहते की माणसे नीट वागतात ती कोणीतरी पाहत असते म्हणून. मीही तेच मानून नोकरी केली आणि ते सगळे खोटे नव्हते. पण त्या गल्लीकडे कोणीही पाहत नव्हते. कंपनीच्या लेखी तर तिथे तक्रारच उरली नव्हती. तरीही दर दिवशी एक माणूस स्वतःचे काम मांडीवर घेऊन, दुसऱ्याच्या श्वासाकडे कान लावून बसत होता आणि याला काही नाव असते हेही त्यांना ठाऊक नव्हते.

गाडी वळवताना मी मागे पाहिले. नवीन मशीन आत चांगली गुरगुरत होती. ओट्यावर झेंडूवाल्याच्या जागी आता समोरची आजी येऊन बसली होती, मान दाराकडे तिरपी करून.