रंजनाचं कलम

आजवर हे माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. एकदा शिरूरच्या एसटी स्टँडवर धाकट्या बहिणीला सांगायला तोंड उघडलं होतं, तेवढ्यात तिची गाडी लागली आणि मला सुटल्यासारखं वाटलं. म्हणजे बघा. सांगायचं नव्हतंच मला.

लोक मला ताई म्हणतात. शिरूरमध्ये कंत्राटी कामगारांची आमची छोटी संघटना आहे, ती मी चालवते. भाड्याची एक खोली, एक कॉम्प्युटर, भिंतीवर सत्काराचे फोटो. कायदा कसा होतो, त्यात आपल्यासारख्यांनी कुठं बोट घालायचं, हे मी कॉलेजांत जाऊन सांगते. पोरंपोरी वहीत लिहून घेतात. बोट घालायचं — कुठला शब्द आला बघा तोंडात.

रंजनाची तीन बोटं गेली होती. दौंडकडच्या खेड्यातली बाई, सातवी शिकलेली, नवऱ्यानं टाकलेली. शिक्रापुरात एका मैत्रिणीबरोबर खोली घेऊन राहायची आणि पत्रा दाबायच्या एका शेडमध्ये प्रेसवर काम करायची. तिथं उजवा हात मशीनमध्ये सापडला. मालक म्हणाला, ही माझी कामगार नाही, ठेकेदाराला विचारा. ठेकेदाराचा फोन लागेना. ती आईकडे दौंडला परत गेली. एवढीच गोष्ट. शिक्रापूरच्या खोल्यांमधून फिरलात तर हीच गोष्ट दुसऱ्या नावांनी ऐकायला मिळेल, मराठीत आणि हिंदीतही.

त्याच सुमारास सरकारनं कंत्राटी कामगारांसाठी नव्या कायद्याचा मसुदा आणला. तो आमदारांच्या समितीकडे गेला आणि पेपरात कोपऱ्यात जाहिरात आली: लोकांनी हरकती आणि सूचना पाठवाव्यात. असल्या जाहिराती कोण वाचतं? मी वाचते. त्याचा मला गर्वही होता.

आम्ही सुट्टीच्या दिवशी शिक्रापुरात एका गच्चीवर बैठका घेतल्या. मसुदा वाचून दाखवायचा, काय हवं ते विचारायचं, लिहून घ्यायचं. बिहारकडची पोरं मागं उभी राहायची, "दीदी, हमारा भी नाम लिखो" म्हणायची. हेल्मेट, दवाखाना, तक्रारपेटी, हजेरीचं रजिस्टर — सगळं लिहिलं. मग एका बैठकीत दौंडहून आलेली रंजना उभी राहिली. तिनं सांगितलेलं जवळजवळ तिच्याच शब्दांत मी टाईप केलं: ज्याच्या मशीनवर अपघात झाला तो मालक जबाबदार, त्याला ठेकेदाराच्या मागं लपता येणार नाही.

चार पानांचं निवेदन झालं. तिचं कलम तिसऱ्या पानावर. शेवटच्या पानावर सह्या आणि अंगठे. रंजनानं डाव्या हातानं सही केली. त्यासाठी महिनाभर वहीत नाव गिरवलं होतं तिनं.

पुढे पुण्यात समितीची सुनावणी ठरली. प्रत्येक संघटनेला पाच मिनिटं, दोन माणसं. मी आणि रंजना जायचं ठरलं. दौंडहून ती रोज फोनवर बोलून दाखवायची. शेवटी म्हणायची, "सायेब, ह्यो हात बघा आन् मंग सांगा, म्या कुणाची कामगार हुते?" आणि — हेही लिहून टाकते — मला ते आवडायचं नाही. तिचं ते बोलणं ऐकल्यावर माझं बोलणं कोण ऐकणार होतं?

सुनावणीच्या आदल्या दिवशी समितीचं काम बघणाऱ्या एका साहेबांचा फोन आला. गोड माणूस. म्हणाले, ताई, तुमचं निवेदन सगळ्यात नीटनेटकं आहे. बाकीच्या सूचना बऱ्याचशा कायद्यात जातील. पण ते मालकाच्या जबाबदारीचं कलम असेल तर सगळंच अडकेल. तेवढं काढून सुधारित प्रत द्या, जुनीच्या जागी ती लावून घेतो. आणि सुनावणीला भावनिक काही नको. जाता जाता म्हणाले, या कायद्याखाली सल्लागार मंडळ होणार आहे, तुमच्यासारखी समजूतदार माणसं हवीत.

समजूतदार. मला धमकी कुणी दिली नाही. कुणी काही देऊही केलं नाही — एक खुर्ची सोडली तर. मी विचार करायला वेळसुद्धा मागितला नाही. फोन ठेवला, कॉम्प्युटरपुढे बसले आणि तिसरं पान नव्यानं टाईप केलं. रंजनाच्या कलमाच्या जागी पिण्याच्या पाण्याची आणि स्वच्छतागृहांची मागणी घातली, म्हणजे पान भरलेलं दिसेल. प्रत्येक पानाखाली माझी छोटी सही केली. सह्यांचं पान तेच ठेवलं. त्या लोकांनी जे मागितलं नव्हतं, त्याखाली त्यांचे अंगठे.

मग रंजनाला फोन केला आणि सांगितलं, सुनावणी पुढं ढकलली.

ती म्हणाली, "बरं झालं ताई, अजून नीट पाठ न्हाई झालं माझं."

दुसऱ्या दिवशी सुधारित प्रत घेऊन मी एकटी सुनावणीला गेले. माझी पाच मिनिटं फार छान झाली. एक आमदार मान डोलावत होते. रंजनाला नंतर सांगितलं, ऐनवेळी मला एकटीलाच बोलावलं.

कायदा झाला. रजिस्टर आलं, हेल्मेट आलं, तक्रारपेटी आली. मालकाची जबाबदारी आली नाही. मी मंडळावर गेले. शिरूरला सत्कार झाला, तेव्हा रंजना दौंडहून न्हावऱ्यावरून दोन गाड्या बदलून आली होती. गर्दी ओसरल्यावर तिनं विचारलं, "आपलं कलम आलं का वं त्यात?"

मी म्हणाले, "सरकारनं काढलं गं. मी लई भांडले."

पान बदललं ते भित्रेपणानं, असं म्हणता येईल कदाचित. पण हे? हे तर मला कुणी सांगितलंही नव्हतं. गळ्यात हार होता, शेजारी ती उभी होती, आणि शब्द आपसूक आले.

तिनं माझ्यावर विश्वास ठेवला. नुसता ठेवला नाही, त्यावर कामाला लागली. दौंडच्या आसपास बायकांना गोळा करू लागली. सरकारनं आपलं कलम काढलं, ते परत घालायला लावू, दुरुस्ती मागू. माझ्याकडूनच शिकलेलं सगळं. माहिती अधिकाराचा अर्ज कसा करायचा तेही मीच शिकवलं होतं. तिनं अर्ज केला: आमचं कलम कुणी, कधी काढलं?

उत्तरात तिला आमच्याच निवेदनाची प्रत आली.

ती दुपारची आली. खोलीत आम्ही दोघीच होतो. तिनं तिसरं पान माझ्यापुढे ठेवलं आणि म्हणाली, "ताई, ह्यात त्ये न्हाई."

मी म्हणाले, तिकडंच कुणीतरी पान बदललं असेल.

तिनं उरलेल्या दोन बोटांतलं एक पानाच्या तळाशी टेकवलं. माझ्या छोट्या सहीवर. मी पंख्याकडे बघत राहिले. मग तिनं पान घडी करून पिशवीत घातलं आणि म्हणाली, "बरं. न्हावऱ्याची गाडी हाय मला."

मला वाटलं, आता सगळीकडे बोभाटा होणार. लोक येतील, फोटो उतरवतील. मी काय बोलायचं ते ठरवूनही ठेवलं, आणि ठरवलेलं तेही खोटंच होतं. पण कुणी आलं नाही.

या वर्षी तिच्या बैठकीला मी गेले होते. बोलावलं नव्हतं, गेले. मागं बसले. त्यांच्यात नुकताच हात गमावलेला एक माणूस होता, त्याच शिक्रापूरच्या रस्त्यावरचा. त्याच्या बायकोनं विचारलं, मागच्या टायमाला एवढ्या सह्या दिल्या त्यांचं काय झालं? रंजनानं मला पाहिलं होतं. नीट पाहिलं होतं.

ती म्हणाली, "दिल्या तशा पोचल्या हुत्या बाई. सरकारनं कलम काढलं. आता परत द्यायच्या."

आणि कागद पुढं सरकवला.

मला वाचवायला नाही बोलली ती. माझ्यासाठी तिच्याकडे आता काही उरलेलं नाही, नमस्कारसुद्धा नाही. खरं सांगितलं असतं तर त्या खोलीतल्या एकानंही पुन्हा कागदाला अंगठा लावला नसता, म्हणून बोलली. मी खोटं बोलले ते खुर्चीसाठी. आणि आता तेच खोटं तिला दर बैठकीत, सरळ लोकांच्या डोळ्यांत बघून, बोलावं लागतं.

त्या बाईनं सही केली. मग नवऱ्याचा डावा अंगठा धरून कागदावर टेकवला. मी उठून बाहेर आले.