परबकाकांबरोबर लालबागला, ‘येतो’ म्हणायला

गणपतीच्या आधी लालबाग-परळच्या कारखान्यांत मूर्ती रंगताना बघायच्या, हे खूळ माझ्या डोक्यात बरेच दिवस होतं. गेल्या महिन्यात जिन्यात परबकाकांना सहज म्हटलं, तर म्हणाले, “मलाही ने.” मी उडालेच! परबकाका म्हणजे पुण्यातले आमचे समोरचे शेजारी. परराष्ट्र खात्यातून निवृत्त, काकू गेल्यापासून एकटे. समुद्रात कोणत्या देशाने काय टाकायचं आणि काय नाही, याच्या वाटाघाटी करण्यात त्यांची उभी नोकरी गेली. जन्म मात्र लालबागच्या चाळीतला. थोरला भाऊ अजून तिथेच, मूर्तिकार. पण काका कित्येक वर्षांत तिकडे फिरकले नव्हते. का, ते विचारायची माझी हिंमत नव्हती.

पहाटेची बस धरली तर दादरला नाश्त्याच्या वेळी पोचता. उतरून सरळ पश्चिमेला या, कुठल्याही जुन्या मराठी उपाहारगृहात जा, थालीपीठ घ्या आणि वर पीयूष. दोघांचं पोटभर तीनशेच्या आत होतं. खाऊन झाल्यावर मी म्हटलं, “चला, लालबाग.”

“आधी गिरगाव बघू.”

“अहो काका, म्हणजे वाटेतलं लालबाग टाकून पुढे जायचं?”

“हो.”

टॅक्सी लालबागच्या पुलावरून गेली. (मीटरने जातात, उगाच हुज्जत घालू नका.) इतका वेळ खिडकीला नाक लावून बसलेले काका पुलावर मात्र समोरच्या सीटकडे बघत राहिले. तेव्हाच माझ्या लक्षात आलं, हा माणूस काहीतरी पुढे ढकलतोय.

गिरगाव चौपाटीला ओहोटी होती. भेळवाले अजून गाड्या मांडत होते. काका बूट हातात घेऊन ओल्या वाळूत उभे राहिले आणि आपणहून बोलायला लागले.

“एका वर्षी सुटीवर आलो होतो. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी इथे फिरायला आलो. ही एवढी वाळू प्लास्टरच्या तुकड्यांनी भरलेली. एक अर्धी मूर्ती पालथी पडली होती, ती उलटी केली, तर डोळे दादाचे.”

“म्हणजे?”

“डोळ्यांची आखणी, गं. प्रत्येक मूर्तिकाराची वेगळी असते. दादाचा हात मी हजारांत ओळखतो.”

काका तिथून तडक लालबागला गेले. गिऱ्हाइकांसमोर दादाला म्हणाले, पुढच्या वर्षीपासून प्लास्टर बंद, सगळं शाडूचं करायचं. दादाची गिरणी बंद पडली होती आणि घर ह्या मूर्तींवर चालायचं. शाडू महाग, पावसाळ्यात वाळता वाळत नाही, नेताना तडकतो. दादा म्हणाला, दोन-तीन वर्षं दे, मी करतो. काका म्हणाले, एक वर्षसुद्धा नाही. आवाज चढले आणि काका उंबऱ्यातून म्हणाले, “जातो.”

मराठी घरातून निघताना ‘जातो’ म्हणत नाहीत, ‘येतो’ म्हणतात, हे तुम्हाला सांगायला नको. वहिनी मागून ओरडत आल्या, “भावोजी, येतंय म्हणा!” येतंय म्हणजे मालवणीत येतो. काकांनी म्हटलं नाही.

“आणि मग? परिषदांमध्येही असेच भांडायचात?”

“छे! तिकडे मी गोड बोलायचो.” काका कडवट हसले. “करारात ‘थांबवतील’ लिहायचं की ‘टप्प्याटप्प्याने कमी करण्याचा प्रयत्न करतील’, यावर आठवडे घालवायचो, आणि शेवटी दुसऱ्यावरच सही करून यायचो. मोठमोठ्या देशांना मी ‘टप्प्याटप्प्याने’ दिलं गं. दादाला नाही दिलं.”

मी आपली बुटातली वाळू झटकत बसले.

परतताना काकांना पुन्हा लालबाग ओलांडून हिंदमातेला वहिनींसाठी साडी घ्यायची होती. तिथे दुकानांची नुसती रांग आहे, भाव करा, लाजू नका. काकांनी इतक्या साड्या उलगडायला लावल्या की दुकानदार म्हणाला, “काका, लगीन कुणाचं हाय?” शेवटी मी एक हिरवी उचलली आणि त्यांना दंडाला धरून बाहेर काढलं.

लालबागमध्ये शिरताना मिरच्या कांडायच्या गिरण्यांचा ठसका लागतो, रुमाल जवळ ठेवा. आम्ही शिंकत शिंकतच गल्लीत शिरलो. घराच्या दारापुढच्या ताडपत्रीच्या मांडवात दादा स्टुलावर बसून एका मूर्तीचा डोळा आखत होते. (कारखान्यात जाल तेव्हा विचारल्याशिवाय फोटो काढू नका आणि आखणी चालू असताना हाक मारू नका.) काका डोळा पुरा होईपर्यंत गप्प उभे राहिले. दादांनी ब्रश ठेवला, बघितलं, ओळखलं.

“बसा,” दादा म्हणाले. “पुण्याहून आलात? चहा घ्याल ना?”

तुम्ही! सख्खा थोरला भाऊ, आणि तोही मालवणी सोडून शुद्ध पुस्तकी मराठीत. काकांचा चेहरा बघवेना. वहिनी मात्र आतून पदराला हात पुसत धावत आल्या, “भावोजी! इलात? अगो बाय माझे!” आणि साडी छातीशी धरून रडायलाच लागल्या.

मी आजूबाजूला बघितलं. मांडवभर लहान लहान करड्या मूर्ती होत्या, सगळ्या शाडूच्या. काकांनीही तेच बघितलं.

“दादा, प्लास्टर?”

“बंद केलं. दोन-तीन वर्षं मागितली होती. तिसऱ्या वर्षी केलं.”

“माका कळवलंस नाय?”

“विचारायला कोण आलं?”

काका उठून दादांच्या पायाशी वाकले. “दादा, मी चुकलंय रे.”

“असू द्या. जुनी गोष्ट आहे,” दादा म्हणाले. “चहा निवतोय.”

चहा झाला. वहिनींनी पुण्यातल्या पावसाची चौकशी केली. दादांनी पुढची मूर्ती जवळ ओढली. निघताना काका त्याच उंबऱ्याशी थांबले आणि स्पष्ट म्हणाले, “येतंय, दादा.”

दादांनी वर न बघता म्हटलं, “या.”

परतीच्या बसमध्ये घाट लागला तेव्हा काका म्हणाले, “‘ये’ म्हणाला असता तर मी राहिलो असतो गं.”

मी समजूत काढायला गेले, “काका, बाप्पालाही आपण ‘पुढच्या वर्षी लवकर या’च म्हणतो की.”

“बाप्पा पाहुणा असतो,” काका म्हणाले.

तर अशी ही सहल. मूर्ती सुंदर, पीयूष उत्तम, एका दिवसात आरामात होते, जरूर जा. आणि कुणाशी अबोला असेल तर त्या वाटेवर गिरगाव-हिंदमाता करत बसू नका. परबकाका हल्ली रोज सकाळी फिरायला निघताना रिकाम्या घराकडे बघून “येतो” म्हणतात आणि मगच कुलूप लावतात. मी आमच्या दारातून “या, काका” म्हणते. लहान आहे ना, मला ‘या’च म्हणता येतं. त्यांना ‘ये’ म्हणणारं एकच माणूस आता उरलंय, आणि ते लालबागला आहे.