देशमुखांचा फेटा

नाटकातलं जल्लादाचं काम मलाच का दिलं, हे वर्गात कुणालाही विचारावं लागलं नाही. सरांनी "फरशी कुऱ्हाड कोण धरील?" असं म्हटल्याबरोबर सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मढी ओढायची, जनावरं सोलायची ती आमच्याच लोकांनी, मग राजाची मान दुसऱ्या कुणी का तोडावी? सर बिचारे बाहेरगावचे. अंगापिंडानं मजबूत पोरगा मिळाला म्हणून खूश झाले.

परभणीला मी बी. ए.च्या शेवटच्या वर्षाला होतो. आणीबाणी चालू होती. सर आम्हाला इंग्लंडचा इतिहास शिकवायचे. तिथे एक राजा होता. मला देवानं नेमलंय, मला विचारणारे तुम्ही कोण, असं म्हणायचा. पार्लमेंटनं त्याच्याशी लढाई केली, त्याला आरोपी म्हणून उभं केलं आणि भर चौकात त्याची मान तोडली. पार्लमेंटवाल्यांत काही कडवे लोक होते, ते देवळातल्या मूर्ती फोडायचे. एक आंधळा कवी होता, त्यानं राजाला मारणं रास्त आहे असं छापून सांगितलं. हे सगळं शिकवताना सरांना इतका चेव चढला की स्नेहसंमेलनासाठी त्यांनी स्वतःच त्यावर नाटक लिहून काढलं.

सुट्टीत गावी गेलो तेव्हा मी हे बाला सांगितलं. आमचं गाव झरीच्या पलीकडे. बा मजुरीला जायचा. छप्पन साली त्यानं दीक्षा घेतली आणि घरातले देव टोपल्यात भरून दुधना नदीत सोडले. मूर्ती फोडणाऱ्यांचं ऐकून तो म्हणाला, "मंजी आपल्यासारखीच मान्सं की रं ती. आमी फोडले न्हाईत, सोडले. तेवडाच फरक."

दीक्षेच्या त्या दिवसापासून बानं आणखी एक गोष्ट सोडली होती. जोहार. देशमुखांच्या ओट्यासमोरून जाताना वाकून "जोहार, मायबाप" म्हणायची आमच्या लोकांची रीत होती. बा ताठ मानेनं जायचा. देशमुख दिसले तर "नमस्कार" म्हणायचा, बरोबरीच्या माणसाला म्हणतात तसा. त्यासाठी त्यानं दोनदा मार खाल्ला, पण कमरेतून वाकला नाही. आमच्या घरात दुसरी इस्टेट नव्हती, एवढीच होती.

आणि नाटकातला राजा म्हणजे त्याच देशमुखांचा मुलगा. माझ्याच वर्गात होता. देशमुख कॉलेजच्या मंडळावर होते, तेव्हा राजा दुसरं कोण होणार!

तालीम निम्म्यावर आली आणि प्राचार्यांना घाम फुटला. समारंभाला फौजदारसाहेब पाहुणे म्हणून यायचे होते. प्राचार्य सरांना म्हणाले, "राजाला मारायलाच पाहिजे का? दिवस कसे आहेत, बघता ना? नुसतं तंबी देऊन सोडलं तर?" सर म्हणाले, इतिहास आहे, कसा सोडणार? शेवटी तडजोड निघाली. तिकडे जल्लाद घाव घालण्याआधी गुडघे टेकून माफी मागायचा, असं सरांनी वर्गात सांगितलं होतं. प्राचार्यांनी ते नेमकं उचललं. जल्लादानं राजाच्या पाया पडावं, क्षमा मागावी, मग मुकुट उतरवून लोकांना दाखवावा, राजानं स्टुलावर मान ठेवावी आणि पडदा पडावा. सत्तेचा मानही राहिला आणि इतिहासही राहिला, म्हणून प्राचार्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. माझं काय राहिलं ते कुणी विचारलं नाही.

मी बाला निरोप धाडला, येऊ नको. तरी तो एसटीत बसून आला. माझं पोरगं देशमुखाच्या पोराचं मुंडकं छाटणार, हे त्याला डोळ्यांनी बघायचं होतं. मधे पाया पडणं आहे हे त्याला ठाऊक नव्हतं.

भर दुपारी मांडवात नाटक लागलं. पुढच्या खुर्च्यांवर फौजदार, प्राचार्य आणि देशमुख. बा पार मागे, बांबूला टेकून उभा. तालमीत राजाला पुठ्ठ्याचा मुकुट होता. आमचं पोर पुठ्ठं घालणार नाही, म्हणून देशमुखांनी सकाळीच घरचा जरीचा फेटा पाठवला होता, शिरपेचासकट. मुकुट शेवटी उतरवायचा असतो, हे एवढ्या शहाण्या माणसांत कुणाच्याच डोक्यात आलं नाही. आमच्याकडे बाप जिवंत असताना मुलाचं डोकं चारचौघांत बोडकं करणं म्हणजे बापाच्या मरणाची दवंडी. आणि ते महाराच्या हातून!

मी फरशी घेऊन पुढे गेलो. मांडवाच्या टोकाला बाचा पांढरा पटका दिसत होता. माझे गुडघे वाकेनात. सर विंगेतून हात खाली-वर करत होते. राजा दबक्या आवाजात म्हणाला, "पड की पाया." मी नुसता उभा. मग त्याला काय लहर आली कोण जाणे, सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असा तो ओरडला, "आधी जोहार घाल रं!"

मांडव हसला. फौजदार हसले. देशमुख तर मांडीवर थाप मारून हसले. मी बाच्याकडे बघितलं. तो हसत नव्हता.

मी राजाच्या डोक्यावरचा फेटा खसकन ओढला आणि वर धरला. नाटकात लिहिलंच होतं तसं. माझं वाक्य होतं, "हे पाहा, राजाही माणूसच आहे!" ते मी असं म्हटलं की माझाच घसा फाटला. हसू जागच्या जागी मेलं. पोरगं दोन्ही हातांनी डोकं झाकून बापाकडे बघत राहिलं. मान ठेवायला ते काही वाकलं नाही. पडदा पडला. आमच्या परभणीत राजा वाचला.

एसटीत बानं दोन तिकिटं काढली. मग म्हणाला, "हात थरथरायला लागला होता का रं?"

"न्हाई."

"मंग बरं."

त्यानंतर गावानं आमचा गळा आवळला. बाला कामावर कुणी बोलवेना. गिरणीवाला दळण घेईना. माय ज्वारी डोक्यावर घेऊन झरीला जायची. आठवडाभरानं देशमुखांचा गडी आला आणि तो फेटा आमच्या उंबऱ्यात टाकून म्हणाला, "मालकानं धाडलाय. मढ्यावरचं कापड म्हाराचंच असतंय."

महारकी असताना प्रेतावरचं कापड आमच्या लोकांना मिळायचं, तोच हक्क. मी फेटा चुलीत घालायला निघालो. बानं माझा हात धरला. तो फेटा त्यानं उलटासुलटा करून बघितला आणि कित्येक दिवसांनी हसला.

"मढ्यावरचं म्हनला न्हवं? मंजी राजा मेला म्हनायचा. त्यानंच सांगून धाडलं." मायला म्हणाला, "गोधडीला लाव. लय ऊब देईल."

मायनं लावला. जरीच्या काठाची गोधडी पांघरून बा झोपायचा. पोटात अन्न कमी असायचं, पण घोरायचा सुखानं.

इकडे कॉलेजात सर पुढचा धडा शिकवत होते. पार्लमेंटवाले आपसात भांडले, लोक कंटाळले आणि मेलेल्या राजाच्या मुलाला मिरवत परत आणलं. ज्यांनी राजाला मारलं त्यातले काही आधीच मेले होते. त्यांची प्रेतं उकरून फासावर टांगली. आंधळा कवी लपून बसला, त्याची पुस्तकं जल्लादाच्या हातानं जाळली. सर माझ्याकडे बघायचं टाळत होते. नाटकानंतर त्यांची बदली ठरली होती.

परीक्षा तोंडावर आली तेव्हा प्राचार्यांनी मला बोलावलं. आवाज मऊ होता. "तुला बसू द्यायला माझी ना नाही. मंडळाचं म्हणणं एवढंच आहे की वडिलांनी एकदा देशमुखांना भेटून यावं."

मी बाला सांगितलं, परीक्षा गेली खड्ड्यात. बा आत जाऊन पडला. सकाळी उठला, अंघोळ केली, पटका बांधला आणि निघाला. मी मागे धावलो.

देशमुख ओट्यावर सुपारी कातरत होते. पोरगं शेजारी उभं होतं, डोक्याला नवा फेटा. बा ओट्यासमोर थांबला. वाकला. जवळपास वीस वर्षं न वाकलेली ती कंबर, तिला वाकायला वेळ लागला.

"जोहार, मायबाप."

देशमुखांनी सुपारीवरची नजर काढली नाही. "ऐकू आलं न्हाई."

बा मोठ्यानं म्हणाला. देशमुखांनी पोराकडे बघितलं. "तुला ऐकू आलं का रं?" पोरगं म्हणालं, "न्हाई." बा तिसऱ्यांदा म्हणाला, गल्लीला ऐकू जाईल असं. मला त्या दोघांचे गळे धरायचे होते. बानं मागे न बघताच हात करून मला थोपवलं.

पेपरात प्रश्न आलाच: राजा आणि पार्लमेंटच्या संघर्षाचे राजकारण, धर्म व साहित्य यांवर झालेले परिणाम लिहा. मी पानंच्या पानं लिहिली. राजा परत आला, पण त्याची सत्ता पहिल्यासारखी उरली नाही. शेवटी विजय लोकांचाच झाला. गाइडात असंच होतं.

घरी आलो तर बा दारात बसला होता. "काय इच्यारलं?"

"तेच. राजाचं."

"मंग? हरला म्हून लिवलंस का?"

"हो."

"लिव, लिव. त्याबिगर पास कोन करतंय." तो आत गेला. त्या रात्री थंडी नसतानाही मायनं त्याच्या अंगावर जरीकाठाची गोधडी टाकली. त्यानं ती पायानं लोटून दिली आणि मरेपर्यंत पुन्हा कधी पांघरली नाही.