गंजीतली बंदूक आणि गळ्यातलं लिंग

मी एका निरपराध वाण्याला फसवलं आणि मला त्याच्याच गावच्या पुढाऱ्याने फसवलं. खात्यात उभी हयात काढली, पण हे एक प्रकरण आठवलं की अजून मान वर होत नाही.

निजामाचं राज्य नुकतंच गेलं होतं. मी लोहाऱ्याच्या बाजूच्या एका ठाण्यावर अमीन, म्हणजे आजचा फौजदार. साधा जवान म्हणून भरती होऊन, उर्दू स्वतः शिकून तिथवर पोचलो होतो. नवे साहेब जुन्या खात्यातल्या प्रत्येकाकडे संशयाने बघत. घरी बसवतील ही धास्ती होती. हत्यारं जमा करण्याचा हुकूम निघाला होता आणि माझ्या ठाण्यात एकही बंदूक जमा नव्हती.

अशात पुढारी खबर घेऊन आला. "अप्पा वाण्याच्या गंजीत रझाकार टोळीवाल्यांची बंदूक हाय. पकडा. तुमच्या नोकरीचं साहेबांकडं मी बघतो."

पंच घेऊन गेलो. रानात कडब्याच्या चार गंजी होत्या. पुढारी नेमका तिसरीपाशी जाऊन उभा राहिला. बंदूक निघाली. पण आमच्याकडे गंज रचताना बुडखे बाहेर आणि शेंडे आत ठेवतात. बंदुकीपाशी तेवढ्याच पेंढ्या उलट्या होत्या. गंज रचणाऱ्याने त्या तशा ठेवल्या नसत्या. दुसऱ्याच कुणीतरी घाईत खुपसल्या होत्या. मी ते पाहिलं आणि पंचनाम्यात लिहिलं नाही.

अप्पा साठीचे, लिंगायत. कोठडीत टाकण्याआधी अंगावरचं सगळं काढून घ्यायचा नियम, म्हणून गळ्यातलं इष्टलिंगही काढलं. त्याच्या पूजेशिवाय ते घोटभर पाणी घेत नसत. एक दिवस गेला, दुसरा गेला.

"साहेब, लिंग तेवढं द्या. मग मारा न्हायतर टांगा."

"अप्पा, सौदा सोपा आहे. बंदूक टोळीवाल्यांनी ठेवायला दिली म्हणा, सही करा, लिंग घ्या."

"खोटं बोलू व्हय ह्या वयात?"

"मग बसा तसेच."

ठाण्यातला म्हातारा मुसलमान जमादार पुढं झाला. "साब, उनका देव है वो. दे डालो ना."

"तू अमीन झालास का रे?" मी त्याच्यावर खेकसलो.

तिसऱ्या दिवशी सकाळी अप्पा म्हणाले, "आणा कागद." सही झाली. पूजा उरकल्यावर मी पाण्याचा तांब्या पुढं केला. जन्मभर शिवाशिव पाळलेल्या त्या माणसाने माझ्या हातचं पाणी नाकारलं आणि जमादाराकडून मागून घेतलं.

अप्पांना शिक्षा झाली. त्यांच्या दुकानाच्या जागेत पुढाऱ्याने आपलं दुकान थाटलं. माझ्यासाठी शब्द टाकायचा सोडून त्याने साहेबांना सांगितलं, हा अमीन निजामाचाच माणूस. मला जमादार करून दूर धाडलं. त्याचा राग आजही आहे, खोटं कशाला बोलू? सौद्यात मी कधी हरलो नव्हतो. पण अप्पा सुटून आले तेव्हा त्यांच्या दारात जायची माझी छाती झाली नाही. त्याला काही पुढारी आडवा आला नव्हता.

पुढच्या नोकरीत कबुलीजबाब समोर आला की मी आधी विचारायचो, "याच्याकडून काय काढून घेतलंय?" त्यावर दोघे-तिघे सुटले. तोवर अप्पा वारले होते.

पुढारी हयात आहे. जुनी राजवट उलथवायला झटला म्हणून गावाने परवा त्याचा सत्कार केला. मी मागे बसून ऐकत होतो. त्या बंदुकीची गोष्ट त्याने छाती फुगवून सांगितली. माझा जबाब मी वर लिहून दिला आहे. आता त्याने त्याच गावासमोर उभं राहून सांगावं, ती बंदूक गंजीत कुणी ठेवली?