उपखंड आणि मागचं फाटक

भूगोलवाल्यांइतकी मनमानी मी दुसरीकडे कुठं पाहिली नाही, आणि मी स्वतः शाळेत भूगोल शिकवते. युरोप आणि आशिया ही सलग जमीन, तरी खंड दोन. ग्रीनलंड एवढं अवाढव्य, तर ते बेट. ऑस्ट्रेलिया मात्र खंड. आणि आपण उपखंड, कारण वर हिमालय आडवा, बाकी बाजूंना समुद्र. जमीन किती मोठी असली की उपखंड म्हणायचं, याचं पक्कं माप कुणाकडेच नाही. वर्गात मात्र मी हे सगळं ठणकावून सांगते.

आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, एकदा हे समजावलं. त्यांचा उभा जन्म मेंढरांमागं गेलेला. म्हणाले, "म्हंजे जिकडनं जाता येत नाय, तिथनं तुमचा तुकडा वेगळा. एवढ्यासाठी कालेज लागतं व्हय?"

एका दुष्काळात चिकलठाण्याच्या पुढं, आमच्या गावाकडं पाणी उरलं नाही. कळप गंगापूरकडं, गोदाकाठी न्यायचा होता. आबांची जुनी वाट शहरातल्या माझ्या नव्या कॉलनीतून जायची; खरं तर कॉलनीच वाटेवर येऊन बसली होती. मागच्या फाटकातून शिरायचं, पुढच्या फाटकातून बाहेर. त्या वर्षी सोसायटीनं मागचं फाटक वेल्डिंग करून बंद केलं आणि आमची कॉलनी अगदी व्याख्येत बसणारा उपखंड झाली. लेंड्यांचा वास येतो, असा अर्ज होता. त्यावर मीही सही केली. वाचून केली. मी मेंढरं राखणाऱ्याची पोर आहे हे शेजारणींना कळू नये, एवढंच तेव्हा डोक्यात होतं.

वाटलं, आबा यंदा दुसरीकडून जातील. पण भर दुपारी ते फाटकाशी हजर. तहानलेली मेंढरं एकमेकांच्या पोटाखाली डोकी घालून उभी. आतून वॉचमन म्हणाला, "नै खुलता, बाबा." आबा ऐटीत म्हणाले, "माझी लेक इथं राहती. मास्तरीण हाय. ती उघडल."

मी खाली गेले आणि गजांमधून सांगून टाकलं, की अर्जावर माझीही सही आहे. शरमेनं त्यांच्याकडं बघवेना.

आबांनी वेल्डिंगवरून बोट फिरवलं, पटका सारखा केला. "बरं केलंस," म्हणाले. "मेंढरं लई घाण करतेत." मग कळप वळवून ते ट्रकांच्या जालना रोडला लागले, आणि माझ्या तोंडून 'थांबा, पाणी आणते' एवढंसुद्धा निघालं नाही.