योसेफ स्वयंपाकघरातून आला

अमेरिकेतल्या स्टेट कॉलेज नावाच्या गावाहून निघताना माझ्या मांडीवर संत्रा बर्फीचे दोन डबे होते, पायात लेकाचे ढगळ बूट होते आणि मनात भीती होती. तरी खरं सांगते, इतकी मजा मला नागपूर सोडल्यापासून आली नव्हती. मुलाच्या होणाऱ्या सासरी चालले होते मी! त्यातलं ‘होणाऱ्या’ अजून पक्कं नव्हतं आणि ते पक्कं करणं एका म्हातारीच्या हातात होतं.

अनिकेत माझा एकुलता एक. इथल्या विद्यापीठात पीएच.डी. करतो. जुलिया तिथेच जुन्या इटालियन साहित्यावर प्रबंध लिहिते. तिचं सगळं घराणं मूळचं सिसिली बेटावरचं. आईवडील लवकर वेगळे झाले, म्हणून तिला वाढवलं ते नॉनाने (इटालियन घरांत आजीला नॉना म्हणतात). नॉनाचा आशीर्वाद मिळाल्याशिवाय लग्न करणार नाही, हे जुलियाने आधीच सांगून टाकलं होतं. आमच्या यांना विमानाची धास्ती, त्यामुळे वरपक्ष म्हणजे मी एकटीच.

मुहूर्त होता संत योसेफच्या सणाचा. येशूला वाढवणारा हा सुतार बाप, त्याचा सण मार्चमध्ये येतो. काही नवस बोललेला असेल, तर सिसिलीची माणसं त्या दिवशी घरात मोठं टेबल मांडतात आणि येईल त्याला जेवू घालतात. यंदा नॉनाने टेबल मांडलं होतं ते नातीच्या लग्नासाठी. नवस बोलणारी आजी म्हटल्यावर मला ती जरा ओळखीची वाटायला लागली.

जुलिया गाडी चालवत होती. दोन्ही बाजूंना पानं गळालेले डोंगर, मधूनच लाल रंगाचं एखादं धान्याचं कोठार, कड्यावर रांगेने उभ्या पवनचक्क्या आणि सावलीच्या जागी उरलेला मळकट बर्फ. मी काचेला नाक लावून बसले होते. एका डोंगराआडून हरणांचा कळप रस्त्यालगत आला तेव्हा मी एवढ्याने ओरडले की जुलियाने ब्रेक दाबला. अनिकेतने कपाळाला हात लावला.

पेट्रोल भरायला थांबलो तिथे कॉफीच्या काउंटरवर एक आजोबा उभे होते. माझी पैठणी, वरचं जाड जॅकेट आणि खालचे बूट त्यांनी क्रमाने बघितले.

“लग्नाला निघालात का?” त्यांनी विचारलं.

“ठरायचं आहे अजून,” मी म्हटलं.

“मग कॉफी मोठी घ्या,” ते म्हणाले. मी घेतली.

गाडी पुन्हा सुरू झाली तसा अनिकेत मागे वळला आणि मराठीत म्हणाला, “आई, एक सांगतो, पॅनिक होऊ नकोस. नॉना आज मला विचारणार आहे, बाप्तिस्मा घेणार का म्हणून. मी हो म्हणणार आहे.”

“आणि घेणार?”

“डोक्यावर थोडं पाणी, यार. मी काय लगेच मानायला लागणार आहे?”

“मग हो कशाला म्हणून राहिला?”

“तिला बरं वाटावं म्हणून. सिंपल.”

आमचं घर बौद्ध. माझ्या वडिलांनी दीक्षा घेतली ती कोणाला बरं वाटावं म्हणून नव्हे, मनाला पटली म्हणून. हे मी एरवी शंभर माणसांसमोर ठणकावून सांगितलं असतं. पण त्या गाडीत मी गप्प बसले, कारण मला ही सून हवी होती. माझ्या गुडघ्यावर स्वतःची शाल टाकणारी, ‘काकू’ म्हणताना काळजी घेऊन ‘का’ लांबवणारी ही पोरगी मला फार आवडली होती. मी बर्फीचा डबा उगाच उघडून बंद केला.

“काय कुजबुज चाललीय?” जुलियाने इंग्रजीत विचारलं.

“जेवणाचं,” अनिकेत म्हणाला.

मी घाईघाईने तिला तिच्या प्रबंधाबद्दल विचारलं. झालं! स्टिअरिंगवरचा एक हात हवेत गेला. तिच्या त्या जुन्या पुस्तकांत म्हणे श्रद्धा, प्रेम आणि मनाची टोचणी एकाच घरात राहतात आणि सारखी भांडतात. माणसं प्रेमात पडली की आधी देवाला घाबरतात, मग आजीला. एका कथेतला नवरदेव वेदीसमोर खोटी शपथ घेऊन लग्न करतो. लग्न छान होतं, शेतीही पिकते, पण पुढे जन्मभर तो जेवताना बायकोच्या तोंडाकडे बघू शकत नाही.

“काकू, त्या लोकांना नरक खरा वाटायचा,” ती म्हणाली, “तरी त्यांना जास्त भीती वाटायची ती स्वतःच्या मनाची.”

अनिकेत खिडकीबाहेर बघायला लागला. मीही माझ्या बाजूच्या खिडकीबाहेर बघितलं.

नॉनाचं गाव म्हणजे एकेकाळचं कोळशाच्या खाणींचं गाव. उतारावर एकाला एक लागून लाकडी घरं, प्रत्येकाला छोटा ओटा. नॉना दारातच उभी होती. माझ्या खांद्याएवढी, काळ्या पोशाखावर पिठाचे डाग, हातात काठी. तिने माझे दोन्ही गाल धरून दोन्हीकडे मुके घेतले आणि पहिलाच प्रश्न विचारला, “काही खाल्लंस का?” माझी निम्मी भीती तिथेच पळाली.

आणि ते टेबल! तीन पायऱ्यांचं, पांढऱ्याशुभ्र कापडाने झाकलेलं. वर संत योसेफची मूर्ती, भोवती पांढरी फुलं, लिंबं, बडीशेपेची हिरवीगार जुडीच्या जुडी. पाव तर बघतच राहावेत असे: करवतीच्या आकाराचा, हातोडीच्या आकाराचा, शिडीच्या आकाराचा. सुताराचा सण ना! उपवासाचा काळ म्हणून मांस नाही, पण मासे, पास्ता, तळलेले गोड गोळे, वाटाण्यापासून अंजिरापर्यंत सगळं. मी डबे पुढे केले. नॉनाने एक बर्फी उचलली, हुंगली, चाखली, डोळे मिटले, आणि सगळा डबा थेट मूर्तीच्या पायाशी नेऊन ठेवला. नागपूरची संत्रा बर्फी तिथे! मी फोटो काढून लगेच यांना पाठवला.

मग जुलियाने घोटाळा केला. काकू शाळेत मुख्याध्यापिका होत्या, दरवर्षी स्नेहसंमेलनात नाटक बसवायच्या, असं ती नॉनाला सांगून बसली. नॉनाचे डोळे चमकले. जेवणाआधी इथे एक छोटं नाटक होतं. शेजारपाजारच्यांपैकी कोणी योसेफ, मरिया आणि बाळ येशू होतात आणि निवारा मागत तीन दारं ठोठावतात. पहिलं दार शेजाऱ्यांचं, दुसरं नॉनाच्या स्वयंपाकघराचं, तिसरं तिचं पुढचं. पहिल्या दोन दारांतून त्यांना हाकलायचं, तिसऱ्यात मिठी मारून आत घ्यायचं. हाकलण्याचं दुसरं दार नॉनाने मला दिलं. मोठा मान होता तो.

“आई, नीट हं, प्लीज,” अनिकेत म्हणाला. “इम्प्रोव्हाइज करू नकोस.”

“मला शिकवू नकोस नाटक,” मी म्हटलं.

वाक्यं अगदी सोपी. आतून विचारायचं, कोण आहे? बाहेरून उत्तर येणार, येशू, मरिया आणि योसेफ. काय पाहिजे? थोडं अन्न आणि रात्रीपुरता निवारा. मग आपण खणखणीत आवाजात म्हणायचं, “इथे जागा नाही. दुसरीकडे जा.” मी तळणीच्या वासात उभी राहून ते पाचसहा वेळा घोकलं. बाहेर बर्फ भुरभुरायला लागला होता. मिरवणूक गाणं म्हणत शेजारच्या दाराकडून आमच्याकडे आली. थाप पडली.

“कोण आहे?” मी गरजले. मागे मदतीला जमलेल्या शेजारच्या मावश्यांनी कौतुकाने माना डोलावल्या.

“येशू, मरिया आणि योसेफ.”

“काय पाहिजे?”

“थोडं अन्न आणि रात्रीपुरता निवारा.”

दाराला वरच्या बाजूला काच होती. मी तिच्यातून बाहेर पाहिलं. योसेफ म्हणजे समोरच्याच घरातला एक तरुण, मरिया त्याची बायको, आणि त्यांचं खरंखुरं तान्हं बाळ. बाळाच्या टोपीवर बर्फाचे कण बसले होते. त्या पोरीने एका हाताने टोपी पुसली आणि काचेतून माझ्याकडे पाहून हसली.

माझ्या तोंडून वाक्य येईना. मराठी, इंग्रजी, काहीच नाही. मुलं वाक्य विसरली की मी विंगेतून डोळे वटारायची, ती मी! मी कडी काढली, दार सताड उघडलं आणि म्हटलं, “या, या, आत या. बाळाला गारठा लागेल.”

योसेफ गोंधळला, पण बायको थंडीने काकडली होती, ती आलीच. तिच्या मागोमाग तो आला. मग गाणं म्हणणारी सगळी वरात बुटांना लागलेल्या बर्फासकट तळणीजवळून आत. कोणाला काही सुचेना, म्हणून मी दुसरा डबा उघडून मरिया-योसेफच्या हातात बर्फी ठेवली. आणि तिकडे पुढच्या दारापाशी नॉना केस नीट करून, काठी बाजूला ठेवून एकटी थाप पडायची वाट बघत होती. बऱ्याच वेळाने ती आत आली. तिच्या स्वयंपाकघरात योसेफ बर्फी खात होता.

जुलियाचा चेहरा पांढरा पडला. माझ्या मनात आलं, घालवलंस बाई मुलाचं लग्न.

“इतकी वर्षं मी हे टेबल मांडते,” नॉना म्हणाली. “योसेफ कधी स्वयंपाकघरातून आला नाही. का उघडलंस?”

माझं इंग्रजी शाळा तपासणीपुरतं. मनातलं सांगायला ते पुरेना, म्हणून मी मराठीत बोलायला लागले आणि अनिकेत भाषांतर करायला लागला. मी सांगितलं, लग्नानंतर नागपुरात आम्ही भाड्याची खोली शोधत फिरायचो. खोली रिकामी असायची. घरमालक हसून बोलायचा. मग आडनाव विचारायचा, आणि आडनाव ऐकल्याबरोबर ती खोली भरलेली असायची. जागा नाही. उन्हातान्हात, कडेवर बाळ घेऊन, जागा नाही, दुसरीकडे बघा. हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की ते माझ्या तोंडून निघत नाही, नाटकातसुद्धा नाही.

अनिकेत मध्येच थांबला. ही गोष्ट त्यानेही आत्ताच ऐकली होती. कडेवरचं बाळ म्हणजे तोच.

“मग जागा कोणी दिली?” नॉनाने विचारलं.

“एका म्हाताऱ्या बाईने. तिने आडनाव विचारलंच नाही. बाळाला बघून दार उघडलं.”

नॉनाने छातीवर क्रूसाची खूण केली. मग काठी उचलून योसेफच्या पोटरीवर हलकेच मारली. “चला बाहेर! माझ्या घरात पुढच्या दारानेच यायचं.” सगळे खिदळत परत बर्फात गेले, थाप पडली, नॉनाने दार उघडून बाळाला छातीशी धरलं आणि ती रडली. मीही रडले. मला वाटलं, निभावलं.

पण ती तशीच अनिकेतकडे वळली. “आता तू सांग. बाप्तिस्मा घेणार?”

अनिकेतने आधी जुलियाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “नाही, नॉना,” तो म्हणाला. “तुम्हाला बरं वाटावं म्हणून मी हो म्हणणार होतो. पण ते खोटं झालं असतं. जुलिया चर्चमध्ये जाईल तेव्हा मी तिच्या शेजारी बसेन. एवढं मात्र खरं सांगतो.”

मला इतका अभिमान वाटला आणि त्याच क्षणी इतकी धडकी भरली, की मी शेजारच्या मावशीचा हात घट्ट धरला.

नॉना खुर्चीत बसली. “तुम्ही दोघं मायलेक आजच हे मेलं सगळं करायला आलात,” ती म्हणाली. “आज योसेफचा दिवस. आज दारात आलेल्याला नाही म्हणायचं नसतं. आणि ‘हो’ माझ्या तोंडून निघत नाही. म्हणून आज मी काहीच बोलत नाही. जेवा.”

जेवलो. पास्त्यावर चीजऐवजी भाजलेला पावाचा चुरा भुरभुरतात, सुताराच्या भुशाची आठवण म्हणून. चव विचाराल तर कुरकुरीत, खमंग, लसणाची. जुलियाने टेबलाखाली अनिकेतचा हात धरला होता आणि ती जेवताना सारखी त्याच्या तोंडाकडे बघत होती.

सकाळी निघालो. नॉनाने सगळ्यांचे मुके घेतले, प्रत्येकाच्या हातात फावाचा एक दाणा ठेवला (वालाच्या जातीचा, वाळवलेला, घरात ठेवला की धान्य सरत नाही म्हणतात), आणि लग्नाबद्दल अवाक्षर न काढता दार लावून घेतलं. गाडीत बसल्यावर लक्षात आलं, माझा चष्मा आतच राहिला होता. मी परत जाऊन थाप मारली. ‘कोण आहे’ न विचारताच दार उघडलं. नॉना चष्मा घेऊनच उभी होती.

“बघ, शिकतेय मी,” ती म्हणाली. मग माझ्या खांद्यावरून गाडीकडे पाहिलं. “त्या मुलाला म्हणावं, स्वतः येऊन दार ठोठाव. आईला काय पाठवतो?” आणि तिने माझ्या तोंडावर दार लावलं.

अनिकेत धावत आला. निसरड्या पायरीवर घसरला, सावरला. थाप मारली.

“कोण आहे?” आतून आवाज आला.

“अनिकेत.”

“काय पाहिजे?”

त्याने गाडीकडे पाहिलं. जुलिया दार उघडून उतरली होती.

“जुलिया,” तो म्हणाला.

मग कडी सरकल्याचा आवाज झाला. “फादरना मी सकाळीच झोपेतून उठवलं,” दार उघडत नॉना म्हणाली. “बाप्तिस्म्याशिवायही चर्चमध्ये लग्न लागतं म्हणे, परवानगी काढावी लागते. आधी नाही का कोणी सांगायचं? ये आत, पाय पूस.”

ढगळ बुटांनी मी त्या ओट्यावर चक्क नाचले. समोरच्या घरातल्या योसेफने खिडकीतून टाळ्या वाजवल्या.

आता नागपूरला परत येऊन बरेच दिवस झाले. फावाचा दाणा तांदळाच्या डब्यात आहे आणि हे रोज विचारतात, वाढला का तांदूळ? मी मात्र बदलले. बेल वाजली की आतून ‘कोण आहे’ विचारत नाही, आधी दार उघडते. त्यामुळे दारावरच्या विक्रेत्यांकडून घेतलेल्या फिनेलच्या बाटल्या घरात फार झाल्यात, असं यांचं म्हणणं.

एक लग्न तिकडे चर्चमध्ये होणार आणि एक इकडे, आमच्या पद्धतीने. परवा व्हिडिओ कॉलवर नॉनाने जाहीर केलं की तीही नागपूरला येणार. मग स्क्रीनजवळ तोंड आणून तिने काळजीने विचारलं, “तुझ्या घराला दारं किती?”

“एकच,” मी म्हटलं.

“बरं झालं,” नॉना म्हणाली. “माझे गुडघे दुखतात.”