जाऊबाईंचे चार सूर

माझ्या थोरल्या जाऊबाई रक्त काढतात. म्हणजे त्यांची नोकरीच ती. चौकातल्या तपासणीच्या लॅबमध्ये सकाळी साडेसहाला जाऊन बसायचं, समोर येईल त्या दंडाला रबरी पट्टी बांधायची, "मूठ वळा, तिकडे बघा, झालंच" म्हणायचं आणि खरंच तेवढ्यात काम उरकायचं. बावीस वर्षांत अर्ध्या गावाचं रक्त त्यांच्या हातून गेलंय. त्यामुळे बाजारात त्या दिसल्या की लोक हसून बोलतात आणि बोलता बोलता नकळत बाही खाली ओढतात.

अशी बाई सेहेचाळिसाव्या वर्षी बँडमध्ये शिरली, त्याला कारण एक दातांचे डॉक्टर. दिवसभर लोकांच्या हिरड्यांत सुया खुपसणारा हा माणूस स्वतःच्या दंडाजवळ सुई आलेली बघून खुर्चीतच आडवा झाला. वहिनींनी (मी त्यांना वहिनीच म्हणते) त्यांचे पाय वर धरले, तोंडावर पाणी मारलं आणि शुद्ध यायच्या आत रक्तही काढून घेतलं. डोळे उघडल्यावर डॉक्टरांना पहिली दिसली ती वहिनींची बोटं. लांब, दणकट, जराही न थरथरणारी.

"तुम्ही काही वाजवता का हो?" त्यांनी विचारलं.

"दाराची बेल," वहिनी म्हणाल्या.

डॉक्टरांचा हौशी बँड होता. शनिवारी दवाखाना बंद झाला की बाहेरच्या खोलीतल्या खुर्च्या भिंतीला लावायच्या आणि सगळ्यांना माहीत असलेली जुनी गाणी वाजवायची. डॉक्टर स्वतः गायचे. शाळेत भूगोल शिकवणारे एक सर गिटार वाजवायचे. ड्रमवर लिफ्ट दुरुस्त करणारा मेकॅनिक होता, त्याचं दिवसाकाठी दहाबारा शब्दांत भागायचं. बेस गिटार वाजवणारे गृहस्थ मात्र मुलीकडे परदेशी राहायला गेले होते आणि जाताना गिटार मागे ठेवून गेले होते. "चारच तारा असतात," डॉक्टर म्हणाले, "घाई केली नाही की जमतं." घाई न करण्यात तर वहिनींचा हात कुणी धरला नसता.

त्या शिकल्या. दुपारी लॅबमधून आल्या की आतल्या खोलीत, कपाटाला पाठ लावून, तास तासभर तेच तेच खर्जातलं वाजवायच्या. पहिला महिनाभर सासूबाईंची समजूत होती की फ्रिज बिघडलाय. भाऊजी, म्हणजे वहिनींचे यजमान, दोन कार्यक्रमांना पुढच्या रांगेत बसून आले आणि घरी येऊन म्हणाले, "छान झालं. पण तू नेमकं काय वाजवत होतीस?"

"तुम्हाला पाठीचा कणा दिसतो का?" वहिनींनी विचारलं.

"नाही."

"पण बसता ना सरळ?"

भाऊजी सरळ बसले. विषय तिथेच संपला.

सहा वर्षं सगळे कार्यक्रम चार भिंतींत झाले. मग सार्वजनिक बागेला पन्नास वर्षं झाली म्हणून समितीने यांना बोलावलं. रविवारी दुपारी चार वाजता, हिरवळीच्या मधोमध, सिमेंटच्या ओट्यावर. मी, सासूबाई आणि भाऊजी घडीच्या खुर्च्या घेऊन साडेतीनलाच हजर झालो.

उघड्यावर वाजवायचं म्हणजे काय, याची यांच्यापैकी एकालाही कल्पना नव्हती. पहिली अडचण विजेची. माळीबुवांनी आपल्या खोलीतून एक लांब वायर ओढून दिली, तिला तीन प्लगची जागा. माइक, स्पीकर आणि सरांची गिटार जोडल्यावर वहिनींच्या वाट्याला काहीच उरलं नाही. मेकॅनिकने आपल्या व्हॅनमधली जाडजूड बॅटरी आणि इन्व्हर्टर उचलून आणला, वहिनींचा स्पीकर त्याला जोडला आणि म्हणाला, "चालेल." त्याचे त्या दिवशीचे निम्मे शब्द तोवर संपले होते.

दुसरी अडचण वाऱ्याची. डॉक्टरांना एकही गाणं पूर्ण पाठ नाही. समोर स्टँडवर कागद लागतात. सरांनी बोट ओलं करून वर धरलं, वारा कुठून येतोय ते सगळ्यांना नीट समजावलं आणि स्टँड त्या हिशोबाने फिरवला. वाऱ्याने ते ऐकून घेतलं आणि दिशा बदलली. पहिल्याच गाण्यात दोन पानं उडाली. एक हौदात पडलं, दुसरं एका बाबागाडीत जाऊन बसलं आणि आतल्या बाळाने ते चघळायला घेतलं. डॉक्टरांनी एका गाण्याचं पहिलं कडवं आणि दुसऱ्याच गाण्याचं शेवटचं कडवं असं जोडून गाडं रेटलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

तेव्हा वहिनींनी पर्समधून आपली लॅबची रबरी पट्टी काढली आणि उरलेली पानं स्टँडला करकचून बांधली. काम एकदम पक्कं झालं. इतकं पक्कं, की पान काही केल्या उलटेना आणि गाठ डॉक्टरांना सुटेना. त्यामुळे वर दिसत होतं तेच गाणं त्यांनी दोनदा म्हटलं. दुसऱ्या वेळी "खास आग्रहावरून" असंही सांगितलं.

"आग्रह कुणी केला गं?" सासूबाईंनी मला विचारलं.

"पट्टीने," मी म्हटलं.

खरी गंमत पाच वाजता झाली. हिरवळीला पाणी मारणारा पंप रोज पाचला आपोआप चालू होतो, हे माळीबुवा सोडून कुणालाच ठाऊक नव्हतं. पंप घुरघुरला, त्याने विजेचा एवढा मोठा घास घेतला की फ्यूज उडाला, आणि डॉक्टरांचा आवाज एका लांब सुराच्या मध्यावर कापला गेला. सरांची गिटारही गप्प. राहिले दोघंच. ड्रमला वीज लागत नाही आणि वहिनी बॅटरीवर होत्या.

मेकॅनिकने वहिनींकडे पाहिलं. वहिनींनी मेकॅनिककडे. डॉक्टर हातवारे करून थांबा, थांबा असं सांगत होते.

"सुई आत असताना हात काढत नाहीत," वहिनी त्यांना म्हणाल्या. "हलू नका. येईल लाइट."

आणि वाजवत राहिल्या. चारच सूर, पुन्हा पुन्हा तेच. आजवर जे कुणाला ऐकू आलं नव्हतं ते आता बागेच्या फाटकापर्यंत ऐकू जात होतं. सासूबाई खुर्चीत पुढे सरकल्या. "अगं, हे हिचंय?" त्या म्हणाल्या. "हे तर पोटात वाजतंय." भाऊजींनी उगाचच आजूबाजूच्या दोघातिघांना सांगितलं की ती माझी बायको.

बागेभोवती सिमेंटची वाट आहे. रोज संध्याकाळी निवृत्त पोस्टमास्तर आणि त्यांचं वीसेक म्हाताऱ्यांचं टोळकं त्यावर फेऱ्या मारतं. एरवी ते रेंगाळत, गुडघ्यांच्या तक्रारी करत चालतात. आता त्यांचे पाय एकदम एका तालात पडायला लागले. पोस्टमास्तरांची छाती पुढे आली. एक फेरी झाली, दुसरी झाली, आणि पाठोपाठ खुर्च्यांवरची माणसंही उठून त्यांच्यामागे चालू लागली. बाबागाडीसुद्धा निघाली.

इकडे समितीचे लोक माळीबुवांना शोधत होते, कारण फ्यूजच्या खोलीची किल्ली त्यांच्याकडे. ते सापडले दुसऱ्या रांगेत, मान डोलावत.

"हे संपलं की जातो," ते म्हणाले.

"अहो, तुम्ही गेल्याशिवाय हे संपणार नाही."

"मग बरंच आहे की," माळीबुवा म्हणाले आणि बसून राहिले.

अकरा मिनिटं चाललं ते. अखेर खुद्द समितीच्या अध्यक्षांनी किल्ली मागून घेतली आणि वीज आली. डॉक्टरांनी झडप घालून माइक धरला आणि गाणं उचललं, पण तेवढ्या वेळात वहिनींची लय इतकी वाढली होती, की ते दुःखी गाणं परेडच्या गाण्यासारखं निघालं. कुणाची तक्रार नव्हती. फक्त डॉक्टरांचं तोंड उतरलं.

दोन दिवसांनी पोस्टमास्तर रक्त तपासायला लॅबमध्ये आले. दंड पुढे करून म्हणाले, "येत्या नाही, त्याच्या पुढच्या रविवारी सकाळी सातला याल का बागेत? तुम्ही आणि तो ड्रमवाला. आमचं चालणं फार सुधारलं हो त्या दिवशी."

"आणि बाकीचे दोघं?"

"गाणं नको," पोस्टमास्तर हळूच म्हणाले. "ऐकायला थांबावंसं वाटतं."

वहिनींनी ते डॉक्टरांना जसंच्या तसं सांगितलं, फक्त शेवटचं वाक्य आधी सांगितलं. तरी डॉक्टर दुखावले. आपण इतकी वर्षं बँड सांभाळला आणि आता लोकांना गायकच नको, असं म्हणून ते पुढच्या शनिवारी दवाखान्याचं दारच उघडेनात. सर बाहेर पायरीवर गिटार घेऊन तासभर बसले. मेकॅनिक म्हणाला, "उघडतील." पण उघडलं नाही.

सोमवारी वहिनी लॅब सुटल्यावर थेट डॉक्टरांच्या दवाखान्यात गेल्या. हातात डॉक्टरांच्याच रक्ताचा नवा रिपोर्ट होता.

"तुमची साखर बघितलीत?" त्या म्हणाल्या. "रोज चालायला सांगितलंय तुम्हाला. चालता का?"

"वेळ कुठे असतो?"

"रविवारी सातला आहे. मी वाजवणार, तुम्ही चालणार. चालता चालता गाणं सुचलं तर म्हणा, कुणी अडवत नाही."

डॉक्टरांनी बराच वेळ रिपोर्ट वाचल्यासारखं केलं. मग विचारलं, "गायला हातात भोंगा घेऊन चाललं तर चालेल का?"

"पहिल्या फेरीनंतर," वहिनी म्हणाल्या.

त्या रविवारी मीही गेले. मेकॅनिक आणि वहिनी ओट्यावर, सर घड्याळ लावून फेऱ्या मोजायला उभे, आणि डॉक्टर पोस्टमास्तरांच्या मागोमाग वाटेवर. पहिल्या फेरीत ते ताठ होते. दुसऱ्या फेरीत त्यांनी भोंगा तोंडाला लावला, एक ओळ म्हटली, आणि दुसऱ्या ओळीला दम लागून बाकावर बसले. टोळकं तसंच पुढे निघून गेलं. वहिनींनी वाजवता वाजवताच त्यांच्याकडे बघून मानेनेच 'चला' अशी खूण केली. जरा वेळाने डॉक्टर उठले, भोंगा बाकावरच ठेवला आणि गुणगुणत चालू लागले.